टेनिस पंचांची कार्यशाळा झाली, पुढे काम कुठे?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालांनंतर आपल्या दैनिकात खेळातल्या वेगळ्या वाटांविषयी जी लेखमाला आली, तिच्यात टेनिसच्या पंचगिरीवर एक छोटी चौकट होती. चौकटीतले एकही वाक्य चुकीचे नव्हते. तरीही ती वाचून ज्या तीन-चार पालकांनी मला फोन केले, त्यांना उत्तर देताना, शब्दाशी खेळ होतो आहे खरा, पण माझी पंचाईत झाली. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि गेली अठरा वर्षे सुट्ट्या, रजा आणि बिनपगारी रजा जमवून टेनिस स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते आहे. पंच कसे व्हायचे, हे त्या चौकटीत होते. पंच झाल्यावर वर्षभर काम कुठून आणि कसे मिळते, हे नव्हते. पालक नेमके तेच विचारत होते, म्हणून हे पत्र.

पंच होण्यासाठी उत्तम खेळाडू असावे लागते, हा पहिला गैरसमज. मी स्वतः आंतरमहाविद्यालयीन पातळीच्या पुढे कधी खेळले नाही. चष्मा लावून का होईना पण स्वच्छ दृष्टी, आठ-आठ तास उन्हात उभे राहण्याची तयारी, नियमपुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याची चिकाटी आणि समोरचा कितीही चिडला तरी आपला आवाज न चढू देण्याची सवय, एवढ्या भांडवलावर सुरुवात करता येते. राज्य संघटनेकडे नाव नोंदवायचे, कार्यशाळा जाहीर झाली की तिला बसायचे, नियमांची लेखी परीक्षा द्यायची आणि मग ज्येष्ठ पंचांच्या नजरेखाली कोर्टवर उतरायचे, असा हा क्रम आहे. राष्ट्रीय पातळीवर काही वर्षे काम झाले आणि वरिष्ठांचे अहवाल चांगले आले, तर अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या शिफारशीने आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या वर्गाला जाता येते. तिथे उत्तीर्ण झाल्यावर व्हाइट बॅज मिळतो. चेअर अंपायरसाठी, म्हणजे उंच खुर्चीवरून सामना चालवणाऱ्या मुख्य पंचासाठी, त्याच्या वरच्या पायऱ्या ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा आहेत. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात उंच खुर्चीवर जी व्यक्ती दिसते, ती या शेवटच्या पायरीवरची असते. २०२१ मध्ये क्रोएशियाच्या मारिया चिचाक यांनी तिथला पुरुषांचा अंतिम सामना सांभाळला, तेव्हा त्या खुर्चीवर प्रथमच स्त्री बसली होती. माझ्या शाळेतल्या मुलींना मी तो सामना मुद्दाम दाखवला होता.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ‘फिफ्टीन-लव्ह’, ‘ड्यूस’, ‘ॲडव्हांटेज’ म्हणायला कोणालाच अडचण येत नाही. खरी परीक्षा पुढे असते. रॅकेट आपटून अंगावर येणाऱ्या परदेशी खेळाडूला दोन छोट्या वाक्यांत, न अडखळता, निर्णय समजावून सांगायचा आणि सामन्यानंतर त्या प्रसंगाचा अहवाल इंग्रजीत लिहून द्यायचा असतो. मी अशी वीस-पंचवीस वाक्ये वहीत उतरवून घेतली होती आणि संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारत ती मोठ्याने घोकत असे. शेजाऱ्यांना वाटे, बाई कुणाशी तरी फोनवर भांडत आहेत.

आता कामाबद्दल. आमच्या पिढीतल्या बहुतेक पंचांची शाळा एकच होती, ती म्हणजे रेषा. भर स्पर्धेत मोठ्या कोर्टवर एका वेळी नऊपर्यंत लाइन अंपायर, म्हणजे चेंडू रेषेच्या आत की बाहेर एवढेच सांगणारे पंच, उभे असत. तासाभराने दुसरी तुकडी येई आणि पहिली सावलीत जाई. नवख्या पंचाला चेअरवर कोणी बसवत नाही, आणि ते योग्यच आहे; पण रेषेवर त्याला उभे करता येते. तिथे उभ्या-उभ्या तो चेअरवरच्या माणसाचा आवाज, वेळेचे भान आणि खेळाडूशी बोलण्याची तऱ्हा पाहून शिकत असतो. जानेवारी २०१९ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडानगरीत महाराष्ट्र ओपन स्पर्धा झाली. आधी चेन्नईत होणारी ही एटीपी दर्जाची, म्हणजे पुरुषांच्या जागतिक व्यावसायिक मालिकेतली स्पर्धा २०१८ पासून पुण्यात आली होती. त्या वर्षी इव्हो कार्लोविच या क्रोएशियाच्या खेळाडूने वयाच्या ३९ व्या वर्षी अंतिम फेरी गाठली. अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसनविरुद्ध तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि तिसऱ्या सेटमध्ये तो हरला. त्याच्या आधीच्या एका सामन्यात माझ्या वाट्याला सर्व्हिस लाइन आली होती. २ मीटर ११ सेंटिमीटर उंचीचा माणूस हात वर करून सर्व्हिस मारतो, तेव्हा चेंडू झाडावरून सुटल्यासारखा येतो. आम्हाला शिकवलेले असते की चेंडूचा पाठलाग करायचा नाही. तो रॅकेटवरून सुटला की नजर रेषेवर नेऊन ठेवायची आणि चेंडूला तिथे येऊ द्यायचे. पहिल्या गेममध्ये मी नेमकी चेंडूच्या मागे गेले. चेंडू टप्पा घेऊन मागच्या पडद्यावर आदळलासुद्धा, आणि तो आत पडला की बाहेर, हे मला सांगता येईना. त्यासाठी एक खूण असते. दोन्ही हात डोळ्यांसमोर धरायचे, म्हणजे मला दिसले नाही. मी हात धरले आणि चेअर अंपायरने स्वतः निर्णय दिला. विश्रांतीच्या खोलीत, आम्हाला कामे वाटून देणारे चीफ अंपायर एवढेच म्हणाले, “हात धरलेत ते बरं केलंत. अंदाजाने ओरडला असता तर उद्या नाव नसतं.” दुसऱ्या दिवशीच्या यादीत माझे नाव होते.

ती शाळा आता बंद होते आहे. २०२० मध्ये अमेरिकन ओपनने दोन मुख्य स्टेडियम वगळता बाकी सगळ्या कोर्टांवर माणसांऐवजी कॅमेऱ्यांना रेषा दिल्या. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकही लाइन अंपायर नव्हता. पुरुषांच्या एटीपी टूरने २०२५ पासून सर्व स्पर्धांत यंत्राचाच निर्णय चालेल, असे दोन वर्षे आधी जाहीर केले होते. त्याच वर्षी विम्बल्डननेही १४७ वर्षांची परंपरा थांबवली. तिथल्या सुमारे ३०० लाइन अंपायरपैकी ८० जणांना ‘मॅच असिस्टंट’ म्हणून ठेवले गेले, बाकीचे घरी. चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी फक्त फ्रेंच ओपनने माणसे राखली आहेत, कारण तिथल्या तांबड्या मातीवर चेंडूची खूण उमटते.

यंत्राविषयी माझी तक्रार नाही. दोनशे किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू यंत्राला माझ्यापेक्षा चांगला दिसतो, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. मात्र २०२५ च्या विम्बल्डनमध्ये सेंटर कोर्टवर पाव्हल्युचेन्कोव्हा आणि कार्टल या महिला खेळाडूंच्या सामन्यात यंत्र चालवणाऱ्याच्या चुकीने कोर्टच्या एका बाजूची यंत्रणा बंद राहिली. चेंडू स्पष्ट बाहेर गेला तरी आवाज आला नाही, आणि चेअर अंपायरने तो गुण पुन्हा खेळायला लावला. अशा वेळी खुर्चीवर जो बसलेला असतो, तो कधी काळी रेषेवर उभा राहून शिकलेला असतो. रेषाच उरल्या नाहीत तर पुढचा चेअर अंपायर कुठे घडणार, याचे उत्तर कोणीतरी शोधायला हवे. बंद खोलीत पडद्यासमोर बसून यंत्रणेवर लक्ष ठेवणारा रिव्ह्यू ऑफिशियल हे नवे काम आले आहे खरे, पण तिथेही अनुभवी पंचच बसवतात.

महाराष्ट्रात काम नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्र ओपन २०२३ नंतर पुण्यातून गेली. पण बालेवाडीत त्याखालच्या पातळीची चॅलेंजर स्पर्धा होते, एप्रिल २०२५ मध्ये तिथेच बिली जीन किंग करंडक या महिलांच्या सांघिक स्पर्धेचे आशिया-ओशनिया गटाचे सामने झाले, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०२४ आणि २०२५ मध्ये महिलांची डब्ल्यूटीए १२५ दर्जाची स्पर्धा झाली, आणि सोलापूर-नागपूरसारख्या शहरांनीही महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवल्या आहेत. शिवाय १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील मुलामुलींच्या मानांकन स्पर्धा आहेत, आणि खरे काम तिथे आहे. या स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत चेअरवर कोणी नसते. मुले स्वतःच आपल्या बाजूचे निर्णय देतात आणि गुण मोजतात, आणि चार-पाच कोर्टांवर मिळून एक रोव्हिंग अंपायर फिरत असतो. वाचकांना हे काम हलके वाटेल. माझ्या मते पंचगिरीत याहून अवघड काम नाही.

गेल्या मे महिन्यातला एक प्रसंग सांगते. मातीचे कोर्ट, १२ वर्षांखालच्या मुलींचा सामना, दुपारचे बारा वाजून गेलेले. दोन कोर्टांपलीकडून हाक आली म्हणून मी पोहोचले, तर जाळीच्या दोन्ही बाजूंना दोन मुली रडवेल्या उभ्या आणि कुंपणाच्या जाळीबाहेर एक आई ‘आउट’ म्हणून ओरडत होती. मी तो फटका पाहिलेला नव्हता, त्यामुळे मला निर्णय बदलण्याचा अधिकार नव्हता. मातीवरची खूण मात्र वाचता येते. एकीने एक खूण दाखवली, दुसरीने वीतभर अंतरावरची दुसरी. नियम असा आहे की खूण कोणती यावर दोघींचे एकमत असेल, तर ती आत की बाहेर हे पंचाने ठरवायचे. खुणेवरच एकमत नसेल, तर फटका कसा मारला आणि चेंडू कुठून आला, हे विचारून खरी खूण शोधायची. तीही सापडली नाही, तर जिच्या बाजूला चेंडू पडला तिचा मूळ निर्णय कायम. मी दोघींना वेगवेगळे विचारले. चेंडू तिरका आला होता, हे दोघींनीही सांगितले. दाखवलेल्या खुणांपैकी एक गोल होती आणि एक लांबट, आणि तिरक्या वेगवान चेंडूची खूण लांबट असते. ती रेषेला चिकटलेली होती, म्हणजे चेंडू आत. मी मुलींना जवळ बोलावून दाखवले, त्या दोघींनी माना डोलावल्या आणि खेळ सुरू झाला. जाळीबाहेरच्या आईने मात्र सामना संपेपर्यंत मान डोलावली नाही. पाच मिनिटांचे हे काम नियमाने करण्यासाठी जी तयारी लागते, ती दोन दिवसांच्या कार्यशाळेत येत नाही. ती अशा पन्नास दुपारींतून येते, आणि त्या पन्नास दुपारी मिळणे हाच नव्या पंचांचा प्रश्न आहे.

कारण काम मिळते ते ओळखीवर. कोणाला बोलवायचे हे स्पर्धेच्या रेफरीच्या, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वांत वरच्या पंच-अधिकाऱ्याच्या, आणि आयोजकांच्या मनावर असते, आणि बोलावणे येते ते व्हॉट्सॲपवर, बहुतेक वेळा स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे मी म्हणत नाही. रेफरीला धावपळीत भरवशाची माणसे हवी असतात आणि तो गेल्या वेळी ज्यांनी बरे काम केले त्यांनाच फोन लावतो. पण याचा परिणाम असा होतो की दहा-बारा नावे वर्षभर फिरत राहतात आणि कार्यशाळेतून उत्तीर्ण झालेली मुले घरी बसून नियम विसरतात. एकदा एका शहरातल्या आयोजकांनी मला आणि माझ्यासोबतच्या एका तरुण पंचाला आठवडाभराच्या स्पर्धेसाठी बोलावले आणि निघायच्या आदल्या रात्री ‘प्रवेशिका कमी आल्या, दोघांपैकी एकच या’ असा निरोप दिला. मी नोकरदार, माझे भागले. त्या मुलाने मात्र त्या आठवड्यासाठी कुरिअर कंपनीतले काम सोडले होते. मागे एका स्पर्धेचे मानधन तीन महिन्यांनी आले, तेही चौथ्यांदा आठवण करून दिल्यावर. माझ्या पहिल्या स्पर्धेच्या पाकिटातून एसटीचे भाडे, लॉज आणि दोन वेळचे जेवण वजा केल्यावर जे उरले, त्यात पांढऱ्या मोज्यांचे दोन जोड आले होते. ते मी हौसेने घेतले होते, म्हणून त्याची खंत नाही; पण हौसेवर कोणाचे घर चालत नाही.

वरच्या पातळीवर तरी सगळे आलबेल असेल, असे पालकांनी समजू नये. जगभरात पूर्णवेळ पगारी चेअर अंपायर मोजके आहेत. बाकी सर्व जण स्पर्धेगणिक, दिवसाच्या मानधनावर काम करतात. व्हाइट बॅजवाल्या पंचाला छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी स्वतः अर्ज करत राहावे लागते, आणि तिथे एकूण बक्षीसच १५ हजार डॉलर असेल तर पंचाच्या वाट्याला काय येणार, हे सांगायला नको. या तुटपुंज्या पैशांचा दुसरा धोकाही आहे. चेअर अंपायर हातातल्या यंत्रात गुण टिपतो आणि तोच गुण त्या क्षणी जगभरच्या सट्टेबाजांपर्यंत पोहोचतो. गुण मुद्दाम उशिरा टिपण्यासाठी पैसे घेतलेल्या पंचांवर कायमची बंदी आल्याची उदाहरणे आहेत, आणि २०१८ मध्ये टेनिसच्या स्वतंत्र समीक्षा समितीने सट्ट्याची कीड खालच्या आणि मधल्या पातळीवर सर्वाधिक असल्याचे सांगितले होते. पंचाला टेनिसवर पैज लावायला सक्त मनाई आहे आणि ती हवीच. मात्र ज्याच्याकडून एवढ्या सचोटीची अपेक्षा आहे, त्याला महिन्याअखेरीस किती मिळतात, हा प्रश्न विचारणे म्हणजे सचोटीवर शंका घेणे नव्हे.

क्रिकेटच्या पंचांशी तुलना करणे बरोबर नाही, त्यांच्या मंडळाकडे जेवढा पैसा आहे तेवढा आमच्याकडे कधी येणार नाही, हे मला कळते. तरी त्यांच्याकडून बिनखर्चाच्या दोन गोष्टी घेता येतील. तिथे पंचाची श्रेणी ठरलेली असते आणि त्या श्रेणीचा दिवसाचा दरही ठरलेला असतो. कोणाला किती द्यायचे, यावर प्रत्येक मैदानावर घासाघीस होत नाही. राज्य संघटनेने पात्र पंचांची श्रेणीवार यादी सार्वजनिक करावी आणि कोणत्या स्पर्धेला कोण नेमले गेले, हेही लोकांना कळू द्यावे. प्रत्येक स्पर्धेत किमान एक जागा पहिल्या दोन वर्षांतल्या पंचासाठी राखून ठेवली, तरी रेषांची गेलेली शाळा काही अंशी परत येईल. मुलांच्या स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीपासून प्रत्येक सामन्याला चेअर अंपायर दिला, तर नव्यांना खुर्चीची सवय होईल आणि जाळीबाहेरचा आरडाओरडाही कमी होईल.

आयोजकांची बाजू मी रोज पाहते. प्रवेश शुल्कातून चेंडू, कोर्टाची माती, पाणी, चषक आणि रुग्णवाहिका सांभाळायची म्हणजे तारेवरची कसरत आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी प्रायोजक म्हणजे बहुधा ओळखीचा एखादा सराफ किंवा बिल्डर. ‘पंचांचे दर बांधले तर आम्ही स्पर्धाच घेणार नाही’ असे एका आयोजकाने मला तोंडावर सांगितले होते, आणि ती धमकी नव्हती, त्यांचा हिशेब होता. म्हणून मोठ्या दराची मागणी मी करत नाही. जो काही दर असेल तो स्पर्धेच्या आधी ठरलेला आणि लिहिलेला असावा, नेमणूक पंधरा दिवस आधी कळावी आणि ऐनवेळी रद्द झाल्यास निदान प्रवासखर्च मिळावा, इतकेच. चौकशी करणाऱ्या पालकांना मी सध्या सांगते की मुलाने परीक्षा जरूर द्यावी, पण पहिली पाच वर्षे हाताशी दुसरे काम ठेवावे, शक्यतो असे की ज्यात मे महिना आणि दिवाळीची सुट्टी मोकळी मिळेल.

प्रत्येक मानांकन स्पर्धेआधी एक माहितीपत्रक निघते. चेंडू कोणत्या कंपनीचे, कोर्ट मातीचे की कठीण, प्रवेश शुल्क किती, रेफरी कोण आणि जवळच्या हॉटेलात दोघांच्या खोलीचे भाडे किती, हे सगळे त्यात छापलेले असते. त्याच पानावर नेमलेल्या पंचांची नावे आणि त्यांचे दिवसाचे मानधन यांच्यासाठी एक रकाना वाढवायला कोणाचाही एक रुपया खर्च होणार नाही. येत्या मोसमाच्या पहिल्या माहितीपत्रकापासून तो छापावा, अशी आपल्या दैनिकामार्फत राज्य संघटनेला माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक टेनिस पंच, कोल्हापूर